खर्रा सोडायचा आहे, त्यासाठी चांगल्या क्वालिटीचा व्हेप कोणता घ्यावा?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवता, वय 29, दिवसाला पाच-सहा पन्न्या (प्लास्टिकच्या पुड्या) खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला, रात्रपाळी असली की त्याहून जास्त, आणि आता ठेचा तर सोडाच पण घरचं साधं वरणही तोंडाला झोंबून रायलं म्हणून खर्रा सोडायचं मनावर घेतलं. नागपूरचा मित्र म्हणतो व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, घे, 95 टक्के सेफ असते, तो 3000 रुपयांत पॉडवालं (लिक्विडची छोटी डबी बसवायचं) मशीन आणि सोबत लिक्विडच्या दोन बाटल्या आणून देणार आहे. तुमचं म्हणणं, लोकल माल नको, मशीन कोणतं चांगलं तेवढं सांगा.

मी तालुक्याच्या गावी दातांचा डॉक्टर आहे आणि तंबाखू सोडवायच्या केंद्रातही बसतो. आमच्या भागात पेशंट येतो दाढ दुखते म्हणून, पण आ करा म्हटलं की कळतं याचं तोंडच पुरतं उघडत नाही, मग दाढेचं राहते बाजूला. त्यामुळे व्हेपचा प्रश्न मला नवा नाही, गेल्या काही वर्षांत पोट्टे हाच प्रश्न घेऊन येऊन रायले. तुम्ही मशीनचं विचारलं म्हणून आधी मशीनचंच सांगतो, टाळत नाही, पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे खर्रा बंद झाल्यावर तोंडाला आणि डोक्याला जी मागणी येईल ती कशानं भागवायची. ते मशीनच्या ब्रँडवर ठरत नाही, तुमचं तोंड आत्ता कोणत्या हालतीत आहे त्यावर ठरतं.

तर मशीन. आत एक लिथियम बॅटरी, एक बारीक तारेची कॉइल आणि त्या कॉइलला लागून वात असते, ती वात बहुतेक वेळा कापसाचीच असते, म्हणजे आपल्याच पिकाची म्हणा ना. वात लिक्विड शोषून घेते, कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते आणि तुम्ही ती ओढता. लिक्विड म्हणजे प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन. चांगलं मशीन आणि भंगार मशीन यातला फरक तसा साधा आहे, कॉइलचं तापमान ताब्यात राहते की नाही, वात कोरडी पडली तर मशीन आपोआप थांबते की नाही, टाकी गळते की नाही, बॅटरी जास्त चार्ज झाली तर आतलं सर्किट करंट तोडते की नाही. वात कोरडी असताना ओढलं की जळकट चव येते आणि ती नुसती चव नसते, जास्त तापलेल्या लिक्विडमधून फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात. आणि निकोटिन सॉल्ट म्हणून जो प्रकार पॉडमधे येतो त्यात आम्ल मिसळलेलं असल्यामुळे घशाला ठसका कमी लागतो, म्हणून जास्त ताकदीचं निकोटिन माणूस आरामात ओढत बसतो, त्याला कळतही नाही किती गेलं.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं पाहून घेऊ. कसं पाहणार? ब्रिटनमधे आणि युरोपात हा माल कायद्यानं विकला जातो, तिथं निकोटिन एका मिलीलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, टाकी 2 मिलीलिटरची, बाटली 10 मिलीलिटरची, विकायच्या आधी त्यात काय काय आहे ते सरकारकडे कळवावं लागतं. म्हणून तिथल्या माणसाला 'चांगल्या क्वालिटीचा कोणता' असं विचारता येते आणि त्याला उत्तरही मिळते. आपल्याकडं 2019 च्या सप्टेंबरमधे आधी वटहुकूम आला आणि त्याच वर्षी संसदेत कायदा झाला, तेव्हापासून ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, इकडून तिकडं नेणं, जाहिरात करणं सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुमचा मित्र दोस्तीखातर आणून देतो म्हणतो पण तो स्वतःच अडकू शकतो, हे त्याला माहीत आहे का ते विचारा.

बंदी असल्यामुळे इकडं मिळणारा सगळा माल चोरवाटेनं येतो. डबी ओरिजनलसारखी असेल, क्यूआर कोडही असेल, पण आत निकोटिन 20 मिलिग्रॅमचं भरलंय की 50 चं हे तपासायला कुणी बसलेलं नाही. 2019 मधे अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाला सूज येऊन लोक दवाखान्यात भरती व्हायला लागले होते, 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत 2800 च्या वर केसेस आणि 68 मृत्यू नोंदले गेले. खरं सांगायचं तर त्यातला मोठा भाग गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपचा होता, निकोटिनच्या साध्या लिक्विडचा नाही, आणि दोष निघाला तो व्हिटॅमिन ई अॅसिटेट नावाच्या तेलकट पदार्थाचा, जो घट्टपणा यावा म्हणून मिसळलेला होता. मी हे घाबरवायला सांगत नाही. मिसळणारे कोण होते तर रस्त्यावर माल विकणारे, आणि आपल्याकडं तर सगळाच माल रस्त्यावरचा. त्यात तुम्ही टिप्परवाले, मे महिन्यात आपल्याकडं 45-46 डिग्री असते, बंद केबिनमधे डॅशबोर्डवर हात टेकत नाही, तिथं लिथियम बॅटरी आणि पातळ होऊन गळणारं लिक्विड ठेवायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. घरी लहान लेकरू असेल तर अजूनच नको, त्या बाटलीला आंब्या-स्ट्रॉबेरीचा वास येतो आणि आत निकोटिन आहे, लेकरानं थोडं जरी पिलं तरी दवाखान्यात पळावं लागते.

बरं, 95 टक्क्यांचं काय? हा आकडा हवेतून आलेला नाही. 2015 मधे इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेनं अहवाल काढला त्यात व्हेपिंग हे सिगरेट ओढण्यापेक्षा साधारण 95 टक्के कमी घातक असं म्हटलेलं होतं. त्यावर पुष्कळ वादही झाला, पण तो वाद आपण बाजूला ठेवू. ब्रिटनमधले डॉक्टर सिगरेट सोडायला व्हेप सुचवतात हे खरं आहे आणि सिगरेटवाल्यांना त्याचा फायदा होतो असं चांगल्या अभ्यासांमधे दिसलंही आहे. मी इथं खोटं बोलणार नाही. पण वाक्य पुन्हा वाचा, सिगरेट ओढण्यापेक्षा. तुम्ही सिगरेट ओढता कुठं? 2016-17 च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात धूर काढणारे मोठे लोक शंभरात चारच्या आसपास निघाले आणि तंबाखू तोंडात ठेवणारे 24 च्या आसपास. तिकडचा सल्ला त्या चार जणांसारख्यांसाठी आहे, तुम्ही चोवीसवाले. सिगरेटवाल्याचं फुप्फुस आधीच धुरानं भरत होतं, त्याला वाफ दिली तर त्याचा भार कमी होतो. तुमचं फुप्फुस कोळशाची धूळ सोडली तर आतापर्यंत तंबाखूपासून वाचलेलं आहे, तुम्ही व्हेप घेतला तर तोंडाचं दुखणं आहे तिथंच आणि वरून छातीला नवीन काम. शिवाय वाफेतून निकोटिन काही सेकंदांतच मेंदूत पोचते, खर्र्यातून ते त्यापेक्षा हळू चढते, म्हणजे व्हेपची लत खर्र्यापेक्षा घट्ट बसण्याचीच शक्यता जास्त. खर्रा सुटायच्या ऐवजी खर्रा आणि व्हेप दोन्ही चालू, असे पोट्टे माझ्याकडं आले आहेत.

दुसरी गोष्ट, आणि ही व्हेपवाल्या मित्राला माहीतच नसते. खर्रा म्हणजे नुसती तंबाखू नव्हे. पानठेल्यावर उभं राहून तुम्ही हजारदा पाह्यलं असेल, पन्नीवर सुपारीचा चुरा, त्यावर सुगंधी तंबाखू, बोटावरचा चुना आणि मग पन्नीची गुंडाळी करून फळीवर खसाखसा घोटणं, घोटून घोटून ते ओलसर आणि गरम झालं की रबर लावून हातात. यात प्रत्येक गोष्टीचं काम वेगळं आहे. चुन्यामुळे तोंडातली आम्लता मारली जाते आणि निकोटिन गालातून भराभर रक्तात शिरते, चुना कमी पडला की 'आज चढला नाही' म्हणता ते त्यामुळेच. आणि सुपारीत अॅरेकोलीन असते, त्याची स्वतःची लत आहे, तंबाखू नसली तरी. गालाच्या आतलं कातडं घट्ट दोरीसारखं होणं, तोंड कमी उघडणं, तिखट झोंबणं, हे मुख्यतः सुपारीचं काम. 2004 मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं सुपारीला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूची गोष्टच नाही, नुसती सुपारी. म्हणून व्हेप ओढला तर निकोटिनची मागणी भागेल पण सुपारीची भागणार नाही, हात पुन्हा पन्नीकडं जाणार. आणि म्हणूनच कुणी 'तंबाखू सोड, साधी मीठी सुपारी खा' म्हणत असेल तर तो सल्लाही तितकाच घातक, आमच्याकडं बाया तर हेच करतात, तंबाखू सोडली म्हणतात आणि सुपारी दिवसभर तोंडात.

आता आधी हे करा. आरशासमोर उभे राहा, तोंड होईल तेवढं उघडा आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं, अंगठ्याजवळच्या बोटापासून पुढची तीन, उभी करून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मधे घाला. तीन आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील तर गालाचं कातडं बऱ्यापैकी आवळलं आहे. दीड किंवा एक असेल तर खर्रा कसा सोडायचा ते वाचत बसू नका, आधी दवाखान्यात या. मग जीभ बाहेर काढा, एका बाजूला ओढली जाते का पाहा, गालाच्या आत बोट फिरवा, तार ताणल्यासारखं काही लागते का, पुसूनही न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवडे झाले तरी न भरलेली जखम आहे का. यातलं काहीही असेल तर तालुक्यात वेळ घालवू नका, यवतमाळला किंवा सरळ नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा, तिथं गरज वाटली तर तुकडा काढून तपासतात. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं आपल्याकडं लोक म्हणतात, ते बिलकुल खोटं आहे, उशीर केल्यानंच पसरतो.

तुमच्या प्रश्नात वरण झोंबते असं लिहिलंय, त्यामुळे माझा अंदाज तुमची तीन बोटं जाणार नाहीत. हा अंदाज आहे, न पाहता मी निदान करत नाही. पण यावरच तुमचा पुढचा रस्ता ठरते.

बोटं तीन जात असतील तर निकोटिनची गम चांगली. आता गमला लोक नावं ठेवतात कारण ती च्युइंगमसारखी चावून चावून खातात, मग उचकी लागते, पोटात जळजळते, आणि म्हणतात फायदा नाही. ती गम हळूहळू चावायची, मिऱ्यासारखी झणझण आली की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायची, असं अर्धा तास. खर्रेवाल्याला हे शिकवावं लागत नाही, गालात दाबणं त्याच्याइतकं कुणाला जमते. फक्त खायच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कोल्ड्रिंक, लिंबूपाणी नको, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषल्या जात नाही, चुन्याच्या बरोबर उलटा परिणाम. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला खर्रा लागत असेल, म्हणजे बरेच जण संडासला जायच्या आधीच लावतात तसं, तर 4 एमजी, नाहीतर 2 एमजी. 2 एमजी मेडिकलवर मिळते, 4 ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत वाढवत तीन महिन्यांत बंद. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात साठा असला तर फुकट मिळतात, विचारायला लाजू नका.

तोंड आवळलेलं असेल तर मात्र मी गम देत नाही. आधीच घट्ट झालेल्या गालाला अर्धा-अर्धा तास चावायला लावणं आणि वरून झणझण, माणूस दोन दिवसांत गम फेकून पुन्हा ठेल्यावर उभा. अशांना दंडावर किंवा पाठीवर लावायचा पॅच, दिवसाला एक, जागा रोज बदलायची. पॅच किती ताकदीचा ते तुमच्या रोजच्या खर्र्यावरून डॉक्टर ठरवते. आमच्याकडची अडचण घामाची, उन्हाळ्यात पॅच सुटून बनियनला चिकटलेला सापडते, म्हणून आंघोळ झाल्यावर अंग कोरडं करून, केस नसलेल्या जागी दहा सेकंद तळहातानं दाबून धरायचा. बीपी, हार्टचा त्रास, छातीत दुखणं असं काही असेल तर गम असो की पॅच, आधी डॉक्टरला सांगायचं. यापलीकडं गोळ्याही आहेत पण त्या चिठ्ठीच्या, इथं नाव लिहून कुणी मेडिकलवरून मागवाव्या असं मला वाटत नाही.

तोंड उघडायचा व्यायाम सोबत सुरू करा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या गोळा करा, स्वच्छ धुवा, एकावर एक रचून जेवढ्या मावतील तेवढ्या दाढांच्या मधे ठेवा, काही दिवसांनी एक वाढवा. कंटाळवाणं आहे, पण आवळलेल्या गालात डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊनही व्यायाम न करणारा माणूस पुन्हा आवळून येते. हे आवळलेलं कातडं पूर्ण पहिल्यासारखं होईल असा भरवसा मी कुणाला देत नाही, सुपारी थांबली तर पुढं वाढायचं थांबू शकते आणि जळजळ बऱ्यापैकी कमी होते, तेवढं सांगतो.

सुपारीच्या चघळण्याला काय? बडीशेप, भाजलेली जवस, फुटाणे, तोंड झोंबत नसेल तर ओवा. लवंग तुम्हाला आत्ता नको. तलफ आली की ती साधारण चार-पाच मिनिटं जोरात असते आणि मग उतरते, तेवढा वेळ पाणी, गाडीतून उतरून दोन फेऱ्या, कुणाला तरी फोन. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड होणार, झोप बिघडणार, संडास साफ होणार नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर वहिनी म्हणतील याच्यापेक्षा खर्राच बरा होता. तुमच्यासाठी खास अडचण रात्रपाळीची, कारण खर्रा तुम्ही चवीसाठी कमी आणि डोळा लागू नये म्हणून जास्त खाता. म्हणून सुरुवात दिवसपाळीच्या आठवड्यात करा, सुट्टीला लागून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला वगैरे अजिबात नको, त्या दिवशी चार मित्र, पार्टी आणि प्रत्येकाच्या खिशात पन्नी. रात्री डोळा लागतच असेल तर गाडी बाजूला लावून वीस मिनिटं झोपणं परवडलं, टिप्पर चालवताना खर्र्यानं जागं राहणं हा काही इलाज नाही.

आणि ठेल्यावर काय सांगायचं हेही ठरवून जा. 'सोडला' म्हटलं की चार जण हसतात, 'पाहू किती दिवस' म्हणून मुद्दाम पन्नी पुढं करतात, कारण आपल्याकडं समोर आलेली पन्नी नाकारणं म्हणजे माणसाला नाकारल्यासारखं. 'तोंड उघडून नाही रायलं, डॉक्टरनं बंद केला' म्हटलं की सगळे गप्प होतात, एखादा तर आपली बोटं तोंडात घालून पाहते. खोटंही नाही त्यात काही. एकट्यानं जमत नसेल तर 1800-11-2356 हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथं समुपदेशक बोलतात आणि नंतर स्वतःहून फोनही करतात.

मित्राला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. 3000 मधे पॅच किंवा गमचे सुरुवातीचे बरेच दिवस निघतात, आणि 30 रुपयांची एक पन्नी धरली तरी पाचाचे दिवसाला 150 म्हणजे महिन्याला 4500 तुम्ही आत्ता घालवूनच रायले. पैसे दिले असतील आणि मशीन घरी आलं असेल तर ते दुसऱ्या कुणाला विकायच्या भानगडीत पडू नका, विकणारे मग तुम्ही ठराल. बॅटरी कचऱ्यासोबत जाळू नका, फुटते.

आता मला तीन गोष्टी लिहून पाठवा, तोंडात बोटं किती गेली, सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळात लागतो, आणि बीपी-शुगर कधी तपासली होती. त्यावरून गमकडं जायचं की पॅचकडं, की आधी नागपूर, ते सांगतो.